तुम्ही विचारलंत म्हणून : एका वटवाघळासाठी माणसाचं घर का अडवता?

मी इंग्लंडमध्ये इकॉलॉजिस्ट आहे, बांधकामाआधी घरात वटवाघळं राहतात का ते बघणं हे माझं काम. ते कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे एका वटवाघळासाठी तुम्ही लोकांची घरं अडवता?" विचारणारे बहुतेक आपलेच, रेडिंग-स्लाव बाजूला घर घेतलेले, एक्स्टेन्शन काढायला निघालेले आणि काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बॅट सर्व्हे मागितल्यामुळे वैतागलेले. त्यामुळे प्लॅनिंग म्हणजे काय, काउन्सिल किती छळतं वगैरे मी तुम्हाला सांगत बसत नाही.

तर पहिली गोष्ट, मी अडवत नाही. परवानगी काउन्सिल देतं, वटवाघळाच्या जागेला हात लावायचं लायसन्स नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था देते, वटवाघळांना जपणारा कायदा १९८१ चा आहे. मी संध्याकाळी तुमच्या घराबाहेर खुर्ची टाकून बसते आणि काय बाहेर पडलं ते लिहून देते, बस. हे उत्तर इतकी वर्षं देतेय की आता माझं मलाच ऐकवत नाही, कारण माझ्या रिपोर्टशिवाय फाइल हलत नाही हे मलाही माहितीये आणि तुम्हालाही.

खरं तर तुम्हाला ऐकायचं असतं ते दादाचं प्रकरण. अर्धवट ऐकलंय सगळ्यांनी, म्हणून एकदाच नीट सांगते.

दादा म्हणजे सख्खा नव्हे, पण इथे आल्यापासूनचा. त्याला घराच्या बाजूला दोन मजली एक्स्टेन्शन काढायचं होतं, खाली त्याच्या आईसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी, खोली आणि बाथरूम. काकू सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर यायच्या, गुडघे गेलेले, आणि त्या घरात अंघोळीची सोय फक्त वर. नेमक्या त्याच बाजूच्या भिंतीवर जुनी कौलं टांगलेली, त्यातली कितीतरी सरकलेली, आत फटी. पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळाला अंगठा जाईल एवढी फट पुरते, वजनच मुळी चमचाभर साखरेएवढं. दादाचा फोन आला ऑक्टोबरात. दिवसा भिंत बघून घेता येते, ती मी लगेच बघितली, पण वटवाघळं असण्याची शक्यता मध्यम निघाली, म्हणजे संध्याकाळचे दोन सर्व्हे, मध्ये किमान तीन आठवडे, आणि तेही मे उजाडल्यावर. हिवाळ्यात ती फारशी बाहेरच पडत नाहीत तर मोजायचं काय?

दादा म्हणाला, "आधी परमिशन घेऊ, सर्व्हे मागाहून करू." काउन्सिल ऐकत नाही, निर्णयाच्या आधीच त्यांना परिणाम कळायला हवा. "मग तू नाही म्हणून लिही ना, तुला कोण विचारतंय." हे त्याने हसत हसत म्हटलं, मीही हसले, पण दोघांनाही कळलं होतं की तो मस्करी करत नव्हता.

मेमध्ये काही निघालं नाही. वहिनीने पोहे केले, दादाने बिल्डरला तारीख सुद्धा देऊन टाकली, मी देऊ नको म्हणत असताना. जूनच्या सर्व्हेला काकू आलेल्या होत्या. दिवसभर हॉलमधल्या सोफाबेडवर, त्यामुळे संध्याकाळी बागेत बसायला मिळतंय म्हणून खूश, शाल गुंडाळून माझ्या शेजारी. एका कोपऱ्यात मी, दुसऱ्या कोपऱ्यात माझा सहकारी, दोघांकडे इन्फ्रारेड कॅमेरे. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असतील, दादा घड्याळ बघत येरझाऱ्या घालतोय, आणि काकू म्हणाल्या, "त्ये बघ गं, गेलं भुर्रकन!" त्याच क्षणी वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज पकडणारा डिटेक्टर पंचेचाळीस किलोहर्ट्झवर टपटपला, म्हणजे पिपिस्ट्रेलच. एकच होतं. तिसऱ्या ओळीतल्या कौलाखालून निघालं, हेजवर एक घिरटी आणि गायब. काकूंना एवढा आनंद झाला होता, आमच्या वाड्यात पण असायच्या गं पाकोळ्या, तुळईला लटकून, असं काय काय सांगायला लागल्या. दादा म्हणाला, "आई, तू आत जा, गार लागेल." मी वहीत वेळ लिहिली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

मग तिसरा सर्व्हे, मग परवानगी, मग लायसन्स. शेवटी निष्पन्न काय, एका वटवाघळाची दिवसा झोपायची जागा, महत्त्व कमी. भिंतीला एक लाकडी पेटी लावायची आणि कौलं माझ्यासमोर हाताने उतरवायची. दादाने तेव्हा जे विचारलं तो मला आजवर विचारलेला सगळ्यात बरोबर प्रश्न आहे: "एवढंच करायचं होतं तर वर्ष का घालवलंस?"

कारण फट बाहेरून सारखीच दिसते. आत एक नर आहे की पन्नास-शंभर माद्या पिल्लांसकट, हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, जूनमध्ये त्याला उडता येत नाही, त्या आठवड्यात कौलं काढली तर अख्खी पिढी गेली. आणि ती दरवर्षी त्याच जागी परत येतात, म्हणूनच जागा रिकामी असली तरी कायदा तिला जपतो. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पण एकच निघालं ना."

हो, एकच निघालं. खोली झाली तेव्हा काकू सांगलीला परतल्या होत्या, त्यानंतर त्यांना यायला जमलेलं नाही.

इथे नवी नवी आले, एम.एस्सी. झालं, तेव्हा मी फार ठाम होते. एक असो की शंभर, नियम सारखा. त्या मुलीला मी आता सांगते, त्या सोफाबेडवर सहा महिने झोपून दाखव. तर ती उलट विचारते, प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची काकू असतेच, मग वटवाघळांनी जायचं कुठे, जुनी झाडं तर तुम्ही आधीच पाडलीत. आमचं दोघींचं अजून मिटलेलं नाही.

एचएस-टू या नव्या हायस्पीड रेल्वेने वटवाघळांसाठी बांधायला घेतलेल्या त्या शेडबद्दलही विचारता. बकिंगहॅमशरला शीपहाउस वुडपाशी रुळांवर किलोमीटरभर लांबीचं आच्छादन, खर्च दहा कोटी पौंडांच्या वर, २०२४ मध्ये त्यांच्याच चेअरमननी जाहीर सांगितलं. तिथली बेकस्टाइन्स बॅट दुर्मिळ आहे हे खरं, पण त्या आकड्याची वकिली माझ्याकडून होणार नाही. आणि "आपल्याकडे असलं काही नसतं" हे अभिमानाने सांगू नका. आपल्या भारतातल्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादी गेली २०२२ च्या दुरुस्तीत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मोठ्या बिल्डरला या सगळ्याने फार फरक पडत नाही, त्याचा इकॉलॉजिस्ट ठरलेला असतो, सीझन वर्षभर आधी धरलेला असतो. अडकतो तो एकच घर असलेला माणूस. जानेवारीत आर्किटेक्टकडे जातो, ड्रॉइंगं होतात, पैसे भरतो आणि बॅट सर्व्हे हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तो सप्टेंबरात. पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायला त्या आर्किटेक्टला दोन मिनिटं लागली असती. दादाच्या आर्किटेक्टने सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याच्याच दुसऱ्या एका क्लायंटचा मला फोन आला, पुढच्या आठवड्यात सर्व्हे उरकून टाकता येईल का म्हणून. नोव्हेंबर होता.