माउथपीसचं मागचं टोक

ट्रॉम्बोन, युफोनियम किंवा ट्यूबा अशी पितळी फुंकवाद्यं वाजवणारी दोन माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून माउथपीसवर, म्हणजे ओठ लावून फुंकायच्या सुट्या भागावर येतं. एकाला मोठा हवा असतो, दुसऱ्याला खोल, तिसऱ्याला सोन्याचा मुलामा दिलेला. चर्चा सगळी ओठांच्या बाजूची. जे टोक वाद्यात शिरतं त्या शँककडे बघायला मात्र कुणाला फुरसत नसते. खरं तर पारख तिथूनच सुरू व्हायला हवी. शँक धड बसला नसेल तर रिम, म्हणजे ओठ टेकतात ती कड, ओठांना कितीही गोड लागो, त्या वाजण्यावरून माउथपीसविषयी काहीच ठरवता येत नाही.

शँक निमुळता असतो. साधारण वीस मिलिमीटर लांबीमागे व्यास एक मिलिमीटरने बदलतो. शँक ज्यात बसतो तो वाद्याचा रिसीव्हरही आतून तसाच निमुळता. दोन्हींचा उतार जुळला की हलक्या हाताने आत सारून किंचित पीळ दिला तरी माउथपीस पक्का धरून राहतो. अडचण जाडीची. ट्रॉम्बोनमध्ये लहान आणि मोठा असे दोन शँक. लहानाचा टोकाशी व्यास अकरा मिलिमीटरच्या आसपास, मोठ्याचा साडेबाराच्या. युफोनियमला बहुधा यांतलाच एक चालतो, पण बेसन कंपनीच्या जुन्या वाद्यांसारख्या काही युफोनियमचा रिसीव्हर या दोन्हींच्या मधला. ट्यूबात अमेरिकन शँक आणि त्याहून जाड युरोपियन शँक. हा फरक नुसत्या नजरेला सहज कळत नाही, त्यामुळे ‘हा ट्यूबाचाच आहे’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नये.

पहिली परीक्षा अगदी सोपी. माउथपीस बसवायचा, रिम बोटांत धरायची आणि आडवी हलवून बघायची. जरासा जरी डगमगला तरी तो एखाद्याच जागी टेकतोय. कुठे टेकतोय ते पाहायला शँकवर लांबीच्या दिशेने मार्करच्या चार रेघा ओढा, माउथपीस बसवून थोडा फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या असतील तर काळजी नको. फक्त रिसीव्हरच्या तोंडाशी किंवा फक्त आतल्या टोकाशी पुसल्या असतील तर उतार जुळत नाहीत. एकाच बाजूला पुसल्या असतील तर गोलाई बिघडली आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा फरशी असते. हातातून सुटलेला माउथपीस शँकवर आपटला की टोक चेपतं. दुरुस्ती करणारा निमुळत्या दांड्याने ते काही मिनिटांत पुन्हा गोल करून देतो, तरी लोक तसंच वर्षानुवर्षं वाजवत राहतात.

किती आत जातो हेही बघावं. ट्रॉम्बोनमध्ये अंदाजे २५ मिलिमीटर आत गेला तर ठीक. लहान शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये खोल घुसतो, सूर चढतो आणि ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, भलतीच बाहेर ओढावी लागते. उलट मोठा शँक लहान रिसीव्हरमध्ये नावापुरता शिरतो; मग स्लाइड पूर्ण आत ढकलली तरी सूर उतरलेलाच. सैल शँकवर पातळ कागदाचा एक वेढा देऊन वाजवून बघायला हरकत नाही. तेवढ्याने स्वर नीट लागू लागले तर दोष कुठे आहे ते कळलं. कायमचा इलाज म्हणून कागद नको. लहान शँकसाठी अॅडॉप्टर मिळतो, चालतोही, पण एक सांधा वाढतो.

माउथपीस वाद्यात असताना त्यावर तळहाताने ‘पॉक’ आवाज काढायची अनेकांना हौस असते. तो अडकतो तो अशानेच. अडकलाच तर माउथपीस पुलर हे तो ओढून काढायचं साधन आणावं. पक्कडीने पिळलात तर लीडपाइपचा, म्हणजे माउथपीसला लागून असलेल्या वाद्याच्या पहिल्या नळीचा, डाग देऊन जोडलेला सांधा सुटेल.

मागचं टोक मार्गी लागलं की मग ओठांकडे यावं. इथे पहिला गोंधळ क्रमांकांचा. बाख कंपनीच्या माउथपीसवर आकडा वाढेल तसा कप, म्हणजे रिमच्या आतली वाटी, लहान होतो: १२सी सुमारे २४.५ मिलिमीटर, ६½ एएल २५.४, ५जी २५.५. शिल्के कंपनीकडे आकडा वाढला की माप वाढतं. अक्षरांचंही तसंच, बाखचा ‘ए’ खोल, शिल्केचा ‘ए’ उथळ. शिवाय कपाची भिंत उतरती असल्याने व्यास कितव्या खोलीवर मोजला यावर आकडा बदलतो, आणि सगळे उत्पादक एकाच खोलीवर मोजत नाहीत. म्हणून दोन कंपन्यांचे मिलिमीटर शेजारी ठेवून निर्णय घेणं व्यर्थ. जाड ओठांना मोठाच माउथपीस लागतो, हा समजही सोडून द्यावा. दातांची ठेवण आणि जबडा यांचा त्यात मोठा वाटा असतो.

खोल कपाने आवाज गडद होतो, पण वरच्या सप्तकातले स्वर उतरू लागतात. उथळ कपाने वरचे स्वर सुलभ, खर्ज मात्र पातळ. थ्रोट, म्हणजे कपाच्या तळाचं भोक, अरुंद असला तर मोठ्याने फुंकताना हवा अडल्यासारखी वाटते. फार रुंद असला तर दमसास भराभर संपतो. सूर मोजणारा ट्युनर समोर ठेवून बी फ्लॅट हा स्वर तीन सप्तकांत वाजवावा. खालचा सुरात आणि वरचा सतत उतरलेला असेल, तर त्या वाद्याला आणि त्या वादकाला तो कप बहुधा मोठा आहे.

मोठा माउथपीस पहिली पाच मिनिटं सगळ्यांनाच आवडतो, भरदार वाजतो. त्याचा हिशेब तासाभराने, ओठांचे कोपरे थकल्यावर द्यावा लागतो. म्हणून पारख रियाजाच्या शेवटी करावी: जीभ न लावता हळुवार सुरुवात, ट्रॉम्बोनची सरकती नळी एकाच जागी (पोझिशनमध्ये) ठेवून खालून वर लिप स्लर, म्हणजे नुसत्या ओठांनी सलग स्वर बदलणं, मग सगळ्यात हलका लांब स्वर. यांतलं काही तुटत असेल तर ताकदीने निभावून नेऊ नये. बदल एका वेळी एकच करावा. रिम सुटी होणारा माउथपीस असेल तर कप तोच ठेवून फक्त रिम बदलता येते आणि कशामुळे काय झालं ते नेमकं कळतं. एकदम तीन गोष्टी बदलणाऱ्याला सुधारणा झाली तरी तिचं कारण सापडत नाही.

रिमवरची चांदी झिजून पितळ दिसू लागलं असेल तर ओठ चुरचुरतात, आणि लोक दोष मापाला देतात. अशा वेळी नवा मुलामा पुरतो. निवड झाली की ट्यूनिंग स्लाइडची जागा नव्याने शोधावी लागते, आणि ट्रॉम्बोनवर हाताला सवयीच्या झालेल्या पोझिशनही एकेक करून ट्युनरवर तपासाव्या लागतात, विशेषतः वरच्या स्वरांच्या.