तुम्ही विचारलंत म्हणून: एक नाव सांग ना

ऑफिसच्या लिफ्टमध्ये, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, भाच्याच्या मुंजीत आणि परवा तर चक्क दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेले असताना, लोकांनी मला हा एकच प्रश्न विचारलाय. "तुला त्यातलं कळतं ना? दोन हजारांत कानात घालायचे चांगले इअरफोन कोणते? एक नाव सांग ना." मी "बघते, पाठवते" म्हणते आणि पाठवत नाही. मग "भाव खाते" असं माझ्याच कानावर येतं. तर आज सगळं लिहूनच टाकते. नंतर मला कुणी विचारायचं नाही.

मला त्यातलं कळतं, हा गैरसमज माझ्या ड्रॉवरमुळे पसरलाय. सहा वर्षं, सात जोड्या, ९,६४० रुपये. बेरीज नवऱ्याने केली, मी नाही. "एवढ्यात एक भारीतला आला असता," हे त्याचं म्हणणं, आणि "भारीतला असला तरी माझ्याच कानात जायचा होता ना," हे माझं. दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत.

"मग कानावरचे मोठे का घेत नाहीस?" असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात दादरच्या पुलावर ते घालून उभं राहावं आणि मग बोलावं. "ब्लूटूथवाले घे" म्हणणाऱ्यांसाठी: घेतले होते. डावा दादरलाच गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत गेला. उजवा अजून घरी आहे, इमानदारीत चार्ज होतो.

आणि कानाच्या आतच हवेत, ही काही चैन नाही. डोंबिवलीहून सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे अडीच तास. कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन घातले तर गाडीचा खडखडाट सगळा आत येतो आणि त्याच्यावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज त्याच्या वर नेला की तास भराभर कमी होतात. इअरफोनच्या टोकाचं रबर कानात नीट बसलं की बाहेरचं बरंच अडतं आणि निम्म्या आवाजात भागतं. शिवाय फट राहिली की आधी खर्ज पळतो. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घिस्सा ऐकू यायच्या जागी कुणीतरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा वाजवतंय असं वाटतं.

हो, मी शास्त्रीय ऐकते. यावरही लोकांना वाटतं की मी भाव खाते. पण इअरफोन पारखायला तानपुऱ्यासारखी दुसरी वस्तू नाही. जवारी, म्हणजे तारांचा झणकार, नीट लागलेली असली की प्रत्येक तारेतून वरच्या स्वरांची एक झालर सुटते आणि हळूहळू विरते. इअरफोन नुसता धमाधम बेसवाला असला की ती झालर गायब आणि तानपुरा जुन्या फ्रीजसारखा घुमत राहतो. एकदा लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मी हे करून पाहिलं. दुकानदार स्वतःच्या नमुन्याच्या जोडीवर काहीतरी दणदणाट लावून "मॅडम, बेस देखो, बेस" म्हणत होता. मी माझ्या फोनवर किशोरीताई आमोणकरांचं एक रेकॉर्डिंग लावलं. एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा त्याने कुतूहलाने स्वतःच्या कानात घातला. मिनिटभर तानपुरा ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, अभी चालू नहीं हुआ."

मला हवी होती ती जोडी मात्र तो घालून बघू देईना. "सील टूटा तो वापस नहीं होगा." त्याचंही बरोबर आहे, दुसऱ्याच्या कानातून निघालेलं कोण घेणार? पण मग चप्पल पाय घालून घ्यायची, चष्मा डोळ्यावर लावून घ्यायचा, आणि ज्या वस्तूचं सगळं काही आपल्या कानाच्या आकारावर अवलंबून, ती तेवढी खोक्यावरचं चित्र बघून घ्यायची.

आता ऑगस्ट २०१९. हे मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितलंय.

तेव्हा माझ्याकडे अकराशे रुपयांची एक जोडी होती. धातूची, छोटी, जड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. आवाज असा की पहिल्या रात्री मी दीडपर्यंत जागी होते. गाणारी व्यक्ती श्वास कुठे घेते ते ऐकू येत होतं. फक्त उजव्या कानात रबर नीट बसत नव्हतं, म्हणून मी एक माप मोठं लावलं आणि दाबून बसवलं. थोडं दुखायचं. थोडं म्हणजे दिवा स्टेशन येईपर्यंत थोडं, मुलुंडपर्यंत बरंच.

त्या दिवशी सकाळी लेडीज डब्यात नेहमीची गर्दी होती. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाडी बोगद्यात शिरली की ठाण्याला उतरणाऱ्या सगळ्या दाराकडे सरकायला लागायच्या. त्या सरकासरकीत कुणाच्या तरी पर्सची कडी माझ्या वायरीत अडकली आणि एक हिसका बसला. दोन्ही इअरफोन निघून छातीवर लोंबायला लागले. उजव्याला रबर नव्हतं.

"खाली पडलं असेल," शेजारची म्हणाली. तेवढ्या गर्दीत तिघीजणी वाकून पायांमधून शोधायला लागल्या. कुणाला टिकली सापडली, कुणाला क्लिप. मीही वाकले होते, आणि वाकलेली असतानाच लक्षात आलं की बोगद्याची घरघर फक्त डाव्या कानात येतेय. उजवीकडे सगळं शांत, पाण्याखाली गेल्यासारखं.

मी बोट घातलं. इतका मूर्खपणा मी पुन्हा कधी केला नसेल. बोटाला रबराची कड लागली, निसटली आणि आणखी आत गेली. डोळ्यांतून पाणी आलं.

"थांब, मी काढते," म्हणून समोरच्या काकूंनी अंबाड्यातली यू-पिन उपसली. आमच्याच ग्रुपातल्या, भायखळ्याला उतरणाऱ्या. मी "नको, नको काकू" म्हणतेय तर म्हणाल्या, "अगं, नातवाच्या नाकातून मी चणा काढलाय." तोवर ठाणं आलं, लोंढा उतरला, तेवढाच चढला आणि यू-पिन परत अंबाड्यात गेली म्हणून मी वाचले. दादरपर्यंत काकूंनी माझा उजवा हात धरून ठेवला होता. मी पुन्हा बोट घालू नये म्हणून.

त्या माझ्याबरोबर दादरलाच उतरल्या. पश्चिमेला एक कान-नाक-घशाचे डॉक्टर त्यांच्या माहितीतले होते. साडेदहापर्यंत आम्ही बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. आत गेल्यावर डॉक्टरांनी कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढला. कानाचा बोगदा वाकडा असतो, तसं ओढल्यावर थोडा सरळ होतो, हे मला तेव्हा कळलं. दिव्याखाली बारीक चिमट्याने अर्ध्या मिनिटात त्यांनी रबर काढलं आणि स्टीलच्या वाटीत टाकलं. एवढंसं, पारदर्शक, टोकाला रक्ताचा ठिपका. मग परत आत बघितलं.

"ही सूज आजची नाही," ते म्हणाले. "उजवा कान तुमचा आतून बराच अरुंद आहे, वळणही जास्त आहे. दुखत नव्हतं?"

"नाही," मी म्हणाले.

बाहेर आले तर काकू माझी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. दरवाजा उघडाच होता. चप्पल घालता घालता म्हणाल्या, "नाही कसं? महिनाभर मुलुंड आलं की तू तो कान चोळत बसतेस. मी समोरच असते ना."

डॉक्टरांचे पंधराशे, कानात घालायचे थेंब वेगळे. इअरफोन अकराशेचे.

मी खोटं का बोलले, यावर मी बराच विचार केलाय. तोवर मी ती जोडी चौघांना घ्यायला लावली होती. भाच्याला मी पाठवलेला मेसेज अजून फोनमध्ये आहे: "आठवडाभर दुखेल, मग कान सरावतो. नवी कोल्हापुरी नाही का चावत?" अगं बाई, कोल्हापुरीचं कातडं पायाला सैलावतं. इथे सैलावणारं काय होतं, सिलिकॉन की तुझं हाड? पण तेव्हाच्या माझ्या बाजूनेही एक सांगते. वायर कानामागून घ्यायची सवय व्हायला खरंच आठवडा लागला होता, आणि मग ती कपड्यांवर घासून कानात होणारी खरखर थांबली. काही गोष्टी सरावाने जमतात हे खरं आहे. कुठल्या जमतात आणि कुठल्या नाहीत, हे कान सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवत होते. कारण एवढा चांगला आवाज मला परवडण्यातला होता, आणि तो माझ्यासाठी नाही हे कबूल करायचं नव्हतं.

पुढच्याच वर्षी बाबांसाठी श्रवणयंत्र घ्यायला गेलो. तिथल्या मुलीने त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरला, काही मिनिटं थांबली आणि त्यांच्या कानाचा अख्खा साचा बाहेर काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या कानाचाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुणीही म्हणालं नसतं की ते एकाच माणसाचे आहेत. मला बाबांचा हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला. कानात घालायचे हे इअरफोन तसे श्रवणयंत्राचेच भाऊबंद. १९९१ सालचा एटिमोटिकचा ईआर-फोर हा इअरफोन श्रवणयंत्रांवर आयुष्य घालवलेल्या मीड किलियन यांच्या कंपनीतून आला. पण भाऊबंदांपैकी एकाच्या घरी माप घेतात आणि दुसऱ्याच्या घरी खोक्यात तीन रबरं टाकून मोकळे होतात.

आणि प्रश्न फक्त दुखण्याचा नाही. कानाचा बोगदा साधारण अडीच सेंटीमीटर लांब असतो, एका बाजूला पडदा, दुसरी बाजू उघडी. अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उठावदार करते. इअरफोनने तोंड बंद केलं की हे गणित बदलतं, आणि किती बदलतं ते तुमच्या नळीवर आणि इअरफोन किती आत गेला यावर ठरतं. म्हणजे माझ्या कानात जो आवाज गोड, तो तुमच्या कानात टोचेल. मी "मस्त आहे" म्हणते तेव्हा मी माझ्या कानाबद्दल बोलत असते.

असं समजावून सांगितल्यावर समोरचा म्हणतो, "ते सगळं ठीक, पण नाव?"

घ्या नाव. सध्या मी फायनल या कंपनीचा ई-फाइव्ह हंड्रेड वापरते. बारीक, हलका, दोन हजारांच्या आतला. रबरं पाच मापांची येतात, आणि माझ्या डाव्या कानात मधलं बसतं, उजव्यात सगळ्यांत लहान. भाचा २०२२ साली आलेल्या मूनड्रॉप कंपनीच्या ‘चू’ या इअरफोनवर खूश आहे. त्याचे कान त्याच्या वडिलांवर गेलेत, मोठे आहेत. ज्यांना आहे तीच जोडी ठेवायची आहे त्यांनी आधी नुसती रबरं बदलून बघावीत. वेगळी विकत मिळतात. स्पिनफिट कंपनीची मानेतून वळतात, फोमची दाबून घातली की आत फुगून बसतात. रबरांवर इअरफोनच्या निम्मे पैसे घालवणं वेडेपणा वाटतो, मलाही वाटला. आणि घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा. ही शिकवणी पंधराशेची आहे, तुम्हाला फुकट.

एवढं सांगूनही कुणी मी सांगितलेलं नाव ऐकून विकत घेणार, त्याच्या कानात बसणार नाही आणि शिव्या मला पडणार. नवरा म्हणतो, मग सांगतेस कशाला? म्हणून तर सांगत नव्हते.

आणि आता खरं सांगायचं तर, फायनलमध्ये तानपुरा सुरेख लागतो, पण डग्गा जरा हातभर लांब बसून वाजवल्यासारखा वाटतो. त्या अकराशेच्या जोडीत तो मांडीला मांडी लावून बसायचा. ती मी टाकलेली नाही. तिच्या उजव्या बाजूला आता सगळ्यांत लहान रबर लावलंय, तरी तिचं धातूचं अंग आत रुततंच. घरातले झोपले की कधीतरी काढते. अकरा मिनिटं जातात, मग उजवा कान ठणकायला लागतो. मी घड्याळ लावून मोजलंय. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा गवई असला तर अकरा मिनिटांत बंदिशीत चांगलं शिरून होतं. सावकाश आलापीवाला असला तर तबला सुरू होतो न होतो तेवढ्यात उजवा काढून ठेवावा लागतो, आणि पुढचं मी डाव्यानेच ऐकते.