सुनेच्या पणजीचं गाव शोधताना: डब्लिन ते स्किबरीन

आमची सून बॉस्टनची. तिची पणजी 1890 नंतर कधीतरी आयर्लंडच्या कॉर्क कौंटीतून अमेरिकेला गेली, एवढंच तिच्या माहेरी ठाऊक होतं. या उन्हाळ्यात ते गाव गाठायचंच म्हणून आम्ही निघालो.

जाणाऱ्यांना पहिली विनंती: तिकिटं काढण्याआधी टाउनलँड शोधा. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी. आयर्लंडमध्ये त्या साठ हजारांहून जास्त आहेत, नुसत्या कौंटीच्या नावावर काही हाती लागत नाही. आम्हाला ते नाव अमेरिकेतच मिळालं, चर्चच्या लग्ननोंदीत. नागरिकत्वाचे कागद आणि थडग्यांवरचा मजकूरही तपासा. माणूस बॉस्टनला उतरला असेल तर एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या नोंदणी केंद्राच्या, याद्यांत वेळ घालवू नका. बॉस्टन बंदराच्या याद्या वेगळ्या आहेत.

जनगणनेचं दुखणं मोठं आहे. 1821 ते 1851 चे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळाले, त्यापुढच्या चार जनगणनांचे सरकारनेच नष्ट केले. 1901 आणि 1911 चे मात्र सगळे शाबूत आहेत, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पणजी तोवर निघून गेली होती, पण तिचे आईवडील सापडले. 1911 च्या फॉर्मवर बाईला झालेली मुलं किती आणि हयात किती, असे रकाने आहेत. झाली 9, हयात 6. सून त्या ओळीवरून पुढे सरकेचना. बापाच्या सहीच्या जागी फुली, भाषा 'आयरिश आणि इंग्रजी'. त्याचं वय 1901 मध्ये 58 आणि 1911 मध्ये 72! 1909 पासून सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागलं, तेव्हापासून अनेकांची वयं अशी वाढली. म्हणून वय जुळत नाही एवढ्यावरून कुणाला बाद करू नका.

जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी 1864 पासूनच्या. त्याआधीसाठी कॅथलिक चर्चची पुस्तकं. राष्ट्रीय ग्रंथालयाने ती ऑनलाइन ठेवली आहेत. त्यांत बऱ्याचदा लॅटिन असतं, ब्रिजेटची ब्रिगिडा होते. आडनावांतला 'ओ' कधी असतो, कधी नसतो, म्हणून सलिव्हन आणि ओ'सलिव्हन, दोन्ही शोधा.

डब्लिनहून कॉर्कपर्यंत रेल्वे, पुढे स्किबरीनला बस. तिथल्या हेरिटेज सेंटरमध्ये 1840 च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाचं प्रदर्शन आहे, ते बघून मगच गावाकडे जा. कोव्ह बंदरही चुकवू नका, कॉर्कहून लोकल गाडी जाते. 1892 मध्ये एलिस आयलंडवर सर्वांत आधी नोंद झालेली अ‍ॅनी मूर तिथूनच जहाजावर चढली होती.

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनच्या नकाशाची छापील प्रत जवळ असू द्या. 1847 ते 1864 मधल्या, करासाठी जमिनी-घरांचं मोल ठरवणाऱ्या त्या पाहणीत जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. टाउनलँडमध्ये भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमचा क्रमांक पाहिला आणि थेट कुंपणापलीकडच्या दोन भिंतींकडे बोट दाखवलं. शेतं खासगी असतात, विचारल्याशिवाय आत शिरू नका. आणि गमबूट न्या, उन्हाळ्यातही.