राजदूत ३५० चे दोन कार्ब एका तालात आणताना

राजदूत ३५० म्हणजे १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून भारतात बनवलेली ३४७ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतःचा कार्ब म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, त्यामुळे ट्यूनिंग म्हटलं की नुसता स्क्रू ड्रायव्हर फिरवून भागत नाही. मी आधी कार्ब आणि इंजिनमधले रबर बघतो, बारीक चीर असली तरी हवा खेचते आणि मग कितीही सेटिंग करा गाडी आयडलला स्थिर राहतच नाही. मग एअर फिल्टर काढायचा, कार्बच्या आतल्या स्लाइड, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर उचलल्या जाऊन हवेची वाट उघडणाऱ्या झडपा, दिसतात, थ्रॉटल अगदी हळू उघडायचा आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते बघायचं, एक जरी मागे राहिली तर केबलच्या अ‍ॅडजस्टरने जुळवायची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, लोक उगाच एअर स्क्रूच्या, म्हणजे मिश्रणातली हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या, मागे लागतात.

एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन साधारण दीड आटे बाहेर, तिथून पुढे इंजिन गरम झाल्यावर कानाने ठरवायचं. बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकला लीन चालवणं म्हणजे पिस्टन जाम होण्याला आमंत्रण!! प्लग काढून बघा, कॉफीसारखा तपकिरी हवा, पांढरा दिसला म्हणजे मिश्रण लीन आहे, थांबा.

आणि थ्रॉटलची केबल हलवली असेल तर इंजिनला तेल देणाऱ्या ऑइल पंपाची केबलही परत सेट करा, प्लीज.