५१२ चा काटा

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. मी विज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटातल्या नादकाट्यांबद्दल लिहितो. आपल्याकडे ‘वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने’ ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण दांड्यावर कोरलेल्या ५१२ या आकड्याकडे फारसं कोणी बघत नाही.

५१२ म्हणजे सेकंदाला ५१२ फेऱ्या, म्हणजेच एका फेरीला जेमतेम दोन मिलिसेकंद. हा आवर्तकाल. खाली पाणी आणि वर हवा असलेल्या काचेच्या उभ्या नळीच्या तोंडावर काटा धरला की खालची भुजा खाली येताना हवा दाबते. ते संपीडन, म्हणजे दाटलेली हवा, पाण्यावर आपटून तोंडाशी परत येतं आणि तिथे उलटून विरलन, म्हणजे विरळ हवा, होऊन पुन्हा आत शिरतं. नेमकी तेव्हाच भुजा वर निघालेली असेल तर तीही विरलनच पाठवते. दोन्ही एकमेकांना मिळतात आणि नळी घुमते. यासाठी जाऊन-येऊन अर्धा आवर्तकाल लागायला हवा. २७ अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो, म्हणजे अर्ध्या आवर्तकालात साधारण ३४ सेंटीमीटर. एका बाजूला १७ सेंटीमीटर. हीच तरंगलांबीची पाव.

प्रत्यक्षात ३ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत आवाज १६ वरच घुमतो, कारण हवेचा थर तोंडाबाहेरही व्यासाच्या सुमारे ०.३ पट कंप पावतो. पाणी आणखी खाली नेलं की नळी पुन्हा एकदा घुमते. तोंडापासून पाण्यापर्यंतचं पहिलं मोजमाप १६, दुसरं ४९.९. दुसरं पहिल्याच्या नेमकं तिप्पट आलं नाही म्हणून पोरं खोडून ४८ करतात. ते करू नका. दोन्ही वजा करा: ३३.९ ही अर्धी तरंगलांबी, आणि तोंडाशी होणारी चूक वजाबाकीत आपोआप गळते. दुप्पट करून ५१२ ने गुणलं की वेग ३४७ मीटर.

नळी आधी काठोकाठ भरा आणि तळाशी पाणी अडवणारा चिमटा किंचित सैल करून पाणी हळू उतरू द्या. घाईने सोडलं तर घुमण्याची जागा कान ओळखेपर्यंत पातळी सेंटीमीटरभर खाली गेलेली असते. म्हणून पाणी उतरताना एक आणि चढवताना एक मोजमाप घ्या, मग सरासरी. काटा रबरी ठोकळ्यावर आपटायचा, टेबलाच्या कडेवर नाही. लाकडावर आपटला की मूळ स्वराबरोबर सहापटीहून जास्त वारंवारतेचा एक कर्कश टणत्कार निघतो आणि काही काळ तोच कानात राहतो. भुजा एकाखाली एक येतील असा काटा आडवा धरा, काचेला टेकू देऊ नका. तिरका धरला तर आवाज नाहीसाच होतो. खात्री करायची असेल तर काटा कानाजवळ दांड्याभोवती सावकाश फिरवा: एका फेऱ्यात चार वेळा तो गप्प होतो. २५६ चा काटा मात्र मीटरभर नळीत एकदाच घुमेल, कारण त्याची दुसरी जागा १०० सेंटीमीटरच्या आसपास पडते.

जोरात आपटलं तर आयाम, म्हणजे कंपनाचा पल्ला, वाढतो, आवाज मोठा होतो, पण घुमण्याची जागा तीच राहते. हवा तापली की मात्र ती सरकते. १५ अंशाला वेग ३४०, ३५ अंशाला ३५२. त्यामुळे दुसरं मोजमाप डिसेंबरच्या सकाळी ४८.९ येईल, एप्रिलच्या दुपारी ५०.७. काटा तोच, स्वरही जवळपास तोच. वारंवारता ठरवतो तो कंप पावणारा, वेग ठरवतं माध्यम, आणि तरंगलांबी या दोघांच्या हिशेबातून निघते. (मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेले आकडे पकडले जातात ते इथेच. तापमानाचा रकाना उगाच नसतो.) आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झलाही हाच हिशेब लागतो, फक्त वेग प्रकाशाचा. तरंगलांबी येते सुमारे ३७९ मीटर.

प्रार्थनेच्या पेटीवरही एक गंमत करता येईल. पेटी ४४० च्या पट्टीत जुळवलेली असेल तर पांढरी एक ही पट्टी सुमारे २६१.६ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांची. तिच्याबरोबर २५६ चा काटा टेबलावर टेकवून वाजवा. आवाज सेकंदाला पाच-सहा वेळा कमी-जास्त होतो, म्हणजे दोघांतल्या फरकाइतका. यालाच ठोके म्हणतात.

याच युक्तीने जुने काटे तपासावेत. खात्रीच्या ५१२ बरोबर संशयित काट्याने सेकंदाला दोन ठोके दिले, तर तो ५१० असेल किंवा ५१४. संशयिताच्या भुजेला मेणाचा कण लावा. मेणाने वारंवारता उतरते, त्यामुळे ठोके वाढले तर तो ५१० होता. गंज दिसला तरी कानस मारू नका. टोकाकडे घासलं तर वारंवारता चढते, बुडाशी घासलं तर उतरते आणि दांड्यावरचा आकडा खोटा ठरतो. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवा आणि खोक्यात ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवा.