चादरीवरचा डाग

मसाल्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात मी नवाच होतो. मार्च महिना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम जोरात. मुक्कामाला कंपनी रोजचे सातशे द्यायची, त्यात एसटी स्टँडजवळचं एक लॉज बसायचं. लोखंडी कॉट, खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत, गरम पाणी सकाळी ६ ते ८ आणि तेही बादलीनं. टीव्हीच्या रिमोटला शंभर रुपये डिपॉझिट, रिमोट मात्र सेलोटेपनं बांधलेला. पाठ टेकायला जागा मिळाली, झालं.

पहिल्या दिवशी यार्डात लॉट बघून बघून डोळे पिवळे झाले. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातलं हळकुंड काढायचं आणि मोडायचं. कडकन मोडलं तर वाळलेलं, वाकलं तर ओल शिल्लक. मग आतला रंग बघायचा. संध्याकाळी खोलीवर आलो ते त्याच कपड्यांत आडवा झालो. तासाभरानं उठून शर्टाला साबण लावला, बाथरूममध्ये आपटला, खळबळला. तिथल्या मिणमिणत्या बल्बखाली फरशीकडे कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी सौदा ऐन रंगात. राजापुरी जातीच्या हळदीचा एक लॉट मनात भरला होता, बोली चढत होती आणि फोन वाजला. लॉजचा मॅनेजर.

"साहेब, तुम्ही बरे आहात ना?"

"का हो?"

"नाही... जरा येऊन जाता का? लगेच."

आवाज असा की मी आडत्याला हात करून रिक्षाच पकडली.

काउंटरपाशी चार-पाच माणसं जमलेली. रूमबॉय भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक. समोर बादली, बादलीत माझी चादर, पाणी लालभडक. बाथरूमच्या टाइलवर वाळलेले तांबूस शिंतोडे. मॅनेजरनं रजिस्टर उघडून माझ्या नावावर बोट ठेवलेलं. एक पाहुणा तर सरळ म्हणाला, "आधी पोलिसांना कळवा."

"अहो, हळद आहे ती!" मी सांगतोय, पण हळद पिवळी असते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मॅनेजर चार दिवसांपूर्वी रुजू झालेला, पोरगाही परगावचा.

तेवढ्यात कपडे धुणाऱ्या मावशी आल्या. सांगलीजवळच्या हरिपूरच्या, तिथली हळद साठवायची जमिनीतली पेवं बघत मोठ्या झालेल्या. बादलीत डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"आरं, सोड्यात घातल्यावर हळद लालच हुणार की! कुंकू कशाचं करत्यात मग?"

तरी मॅनेजरची खात्री पटेना. मी खिशातली नमुन्याची पुडी काढली. बशीत चिमूटभर हळद, पाणी. पिवळं. धुण्याची पावडर टाकली, लाल. चहावाल्याकडून लिंबाची फोड आणून पिळली, पुन्हा पिवळं. पोलिसांना कळवा म्हणणारे पाहुणेच म्हणाले, "परत करा बघू."

मावशींनी चादर खंगाळून गच्चीवर उन्हात टाकली. उन्हासारखं हळदीला औषध नाही, म्हणाल्या.

मी यार्डात पोचलो तोवर माझा लॉट दुसऱ्याच्या नावावर चढला होता. पुण्याला साहेबांना काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. लॉजच्या बिलात 'चादर – ५० रुपये' होतेच.

महिन्यानं परत गेलो. मॅनेजरनं किल्लीबरोबर घडी घातलेली एक चादर पुढं केली. फिकट पिवळी.

"तुमचीच आहे साहेब. बाकी कुणाला देत नाही."