सोप्या गणितावर उभे राहिलेले काम : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आमच्या व्यवसायाची सुरुवात विद्युत पॅनेलच्या दुरुस्तीने झाली. परिसरातील फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधून हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून त्याचे गुण बदलण्याच्या) इलेक्ट्रिक भट्ट्यांची कामे येत. काँटॅक्टर (हीटरचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) किंवा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बदलून देणे एवढीच अपेक्षा असे. खरी तक्रार मात्र अशी असे, की तापमान नेमलेल्या आकड्यावर टिकत नाही आणि त्यामुळे मालाची हार्डनेस लॉटगणिक बदलते. या तक्रारीचा पाठपुरावा करता करताच आम्ही नियंत्रण प्रणालीच्या कामात आलो.

भट्टीचे संपूर्ण गणित मांडायचे, तर विटांच्या थरांतून झिरपणारी उष्णता, हीटरचे प्रारण (किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता), आत रचलेल्या मालाचे वजन आणि दाराच्या फटी या सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो. तापमान राखणाऱ्या कंट्रोलरची मूल्ये बसवण्यासाठी त्याची गरज नसते, अशी आमची ठाम धारणा आहे. भट्टी कामाच्या तापमानाला स्थिरावली, की आम्ही कंट्रोलर मॅन्युअलवर घेतो, हीटरचे आउटपुट, समजा, ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेतो आणि तापमानाचा आलेख काढतो. तापमान हलायला लागलेला वेळ, त्याची एकूण वाढ आणि त्या वाढीचा सुमारे ६३ टक्के भाग गाठायला लागलेला वेळ, या तीन आकड्यांत नियंत्रणापुरती भट्टी मावते. झिग्लर आणि निकोल्स या अभियंत्यांनी १९४२ साली अशाच आलेखावरून पीआयडीची (नेमलेल्या आणि प्रत्यक्ष तापमानातील फरकावरून आउटपुट ठरवण्याच्या कंट्रोलरच्या पद्धतीची) मूल्ये काढण्याचे नियम दिले. त्या नियमांत नेमलेल्या तापमानापलीकडे जाणारी प्रत्येक उसळी आधीच्या उसळीच्या साधारण एक चतुर्थांश राहते. पोलादाच्या हार्डनिंगला (तापवून झटकन थंड करून कठीण करण्याला) तेवढी उसळीही जास्त वाटते, म्हणून आम्ही गेन, म्हणजे त्या फरकाला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, बराच खाली ठेवतो.

तीन आकड्यांचे हे सोपे मॉडेल जिथे तपासले, तिथेच खरे असते. प्रारण निरपेक्ष (केल्विनमधील) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे ५०० अंश सेल्सिअसच्या मानाने ९०० अंशांना, तापमानातील तेवढ्याच फरकासाठी, जवळपास साडेतीनपट उष्णता पोहोचते. टेंपरिंगसाठी (कठीण पोलादाचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते कमी तापमानाला पुन्हा तापवताना) बसवलेली मूल्ये हार्डनिंगला चालत नाहीत ती याच कारणाने. दोन्ही तापमानांना वेगवेगळ्या चाचण्या घेऊन मूल्यांचे दोन संच ठेवावे लागतात. व्होल्टेजचेही तसेच. ते १० टक्क्यांनी उतरले, तर हीटरची शक्ती १९ टक्क्यांनी घटते. म्हणून चाचणीच्या नोंदीत आम्ही व्होल्टेजही लिहितो.

आज कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतूनही आम्हाला कामे येतात. प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून चाचणीचा आलेख चिकटवलेला असतो आणि त्याखाली मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत सूचना असतात, कारण रात्रपाळीच्या ऑपरेटरने आलेख स्वतः वाचावा, असा आमचा आग्रह आहे. विटा किंवा हीटर बदलले, की जुना आलेख काढून नवी चाचणी घ्यायची, ही सूचना त्यात सर्वांत वर असते.